माशांच्या आडून

त्या दिवसांत मला फक्त झोप हवी होती. शाळेतून आल्यावर, कुणी हाक न मारता, घटकाभर आडवं पडायला मिळावं. बाकी देवाकडं काही मागणं नव्हतं. मिळालं काय, तर सासऱ्यांचं आजारपण, आणि त्याच्यावर माशांची पेटी. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते हेच.

आमचं बिऱ्हाड परभणीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी सकाळच्या शाळेत शिकवायची. आमचे हे येलदरीच्या वीजघरावर कामाला. शनिवारी एसटीनं यायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं परत. मूलबाळ नाही. सासूबाई आधीच वारलेल्या; सासरे गावी, पालमच्या बाजूला, थोरल्या दिरांकडं राहायचे. कापसाच्या ऐन हंगामात त्यांना लकवा मारला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. गावात कसला इलाज होणार, म्हणून दिरांनी त्यांना आमच्याकडं आणलं आणि उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं, "आपल्या हातानं जेवाय लागले अन् आपल्या पायानं चालाय लागले की घिऊन जातो. तवर तुमी बघा." जाऊबाईंच्या मागं गुरंढोरं, रानातली कामं. तिथं अंथरुणावरच्या माणसाला कोण उठवणार? खरं होतं ते. पण माझ्या घरात कोण उठवणार, हे काही कुणी विचारलं नाही.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामांना त्या वेळी एकच शब्द नीट यायचा. "घरी." सकाळी म्हणायचे, दुपारी म्हणायचे, नंतर भिंतीकडं तोंड करून पडायचे. घरी म्हणजे गावी. आणि गावी जायचं तर आधी हातानं जेवलं पाहिजे, अशी दिरांची अट.

खरी अडचण तिथंच होती. आम्ही लिंगायत. मामांनी उभा जन्म डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केलेली. त्या हातानं जेवायचं म्हटलं की ते दात आवळून घ्यायचे. उजवा हात उचलत नव्हता. आणि सुनेच्या हातून घास घ्यायचा म्हणजे तर शरमेनं मरायचंच. सकाळी एक माणूस येऊन मालिश, अंघोळ उरकून द्यायचा. मी शाळेत असेपर्यंत शेजारच्या काकू येऊन बसायच्या आणि दोन घास भरवायच्या. तिसऱ्या घासाला मामा मान फिरवायचे. बरगड्या दिसायला लागल्या होत्या त्यांच्या. वरणभाताचं ताट तसंच्या तसं परत आलेलं बघितलं की मला रडू यायचं, आणि रागही यायचा.

त्यात बोलायचीही चोरी. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. पदर पुढं ओढायचा, बाजूला उभं राहायचं आणि तिसऱ्या माणसाला सांगायचं, "त्यांना म्हणावं, चहा झालाय." तिसरं माणूस सासू असो, नणंद असो, नाहीतर रांगतं पोर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना 'मामा' अशी हाक एकदाही मारली नव्हती. आता दोन खोल्यांत आम्ही दोघंच. तिसरं माणूस आणू कुठून? मग मी दाराच्या चौकटीला सांगायची, "गोळी घ्यायची येळ झाली बरं का." चौकट काय बोलणार? आणि मामाही बोलत नव्हते. दिवसभर असं लाकडाशी बोलून बोलून मला वाटायचं, यांच्या आधी माझंच डोकं फिरणार.

पेटीचं खूळ दवाखान्यातनं आलं. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत काचेची पेटी होती. आत हिरवी झाडं आणि लाल मासे. नंबर येईपर्यंत मामांना तिथं बाकावर बसवलं, तर हे गृहस्थ त्या पेटीकडं बघत राहिले ते राहिलेच. नंबर आला तरी उठेनात. डॉक्टर हसून म्हणाले, "घरी बसवा की एखादी. मन रमलं की भूक लागते." झालं! आमच्या ह्यांना तेवढंच पाहिजे होतं.

"अहो, पाणी कोण भरणार?" मी विचारलं.

"मी येतो की दर शनिवारी."

"मग मासे काय शनिवारपर्यंत उपास धरणार?"

ह्यांनी ऐकलं नाही. वेल्डिंगवाल्याकडनं लोखंडी सांगाडा करून आणला, तसबिरीवाल्यानं काचा कापून पुटीननं बसवल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तर चारही कोपऱ्यांतनं गळायला लागली. परत पुटीन, परत वाळवणं, परत पाणी. शेवटी पुढच्या खोलीतल्या शहाबादी कट्ट्यावर, मामांच्या खाटेसमोर, पेटी बसली. शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "बया! लिंगायताच्या घरात मासे? पूजा करायची का कालवण?" त्या सगळ्या आळीत सांगत सुटल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तळाला वाळू घालायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे घमेलं घेऊन निघाले, तेवढ्यात खाटेवरनं आवाज आला. "का... काळी." आम्ही दोघं थबकलो. मामा डावा हात हलवत होते. "काळी! काळी!" 'घरी' सोडून दुसरा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. झाडं लावायची आहेत ना, मग वाळू कशाला? काळी माती आणा. आपल्या रानातली आणा. ते असं सगळं बोलले नाहीत, पण त्यात न कळण्यासारखं काय होतं? त्या मातीचा त्यांना केवढा गर्व! आमच्या मातीत काठी रोवली तरी पालवी फुटते, असं ते भर लग्नात माझ्या बापाला ऐकवून आलेले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाद कोण घालणार? हे त्याच पावली गावाकडं गेले आणि कापसाच्या सगळ्यात चांगल्या तुकड्यातली पोतंभर माती घेऊन आले.

काळ्या मातीचं वागणं मी काय सांगू? पाणी पडलं की फुगते, चिकटते, सोडत नाही. पेटीत पाणी ओतलं तर काढा झाला. दिवसच्या दिवस निवळायची वाट बघितली. वरवर निवळलं तेव्हा येलदरी धरणाच्या फुगवट्यातनं आणलेलं पाणगवत रोवलं. चार लाल मासे ह्यांच्या एका सोबत्यानं हैदराबादहून आगगाडीनं, पाण्याच्या पिशवीत घालून आणले. ते सोडले तेव्हा मामा कुशीवर वळून, मान उचलून बघत होते. त्या दिवशी काकूंच्या हातून त्यांनी सगळा भात खाल्ला. मला वाटलं, चला, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही मासे पोटं वर करून तरंगत होते. मी हात घालून ते काढायला गेले, माती ढवळली आणि वास आला. ओळखीचा वास. कापसावर मारतात त्या औषधाचा. त्या सालात बोंडअळीनं लोकांना बेजार केलं होतं आणि सगळ्या रानांत फवाऱ्यावर फवारे मारणं चाललं होतं. आमच्या त्या तुकड्यातले फवारे खुद्द मामांनी, पाठीवर पंप घेऊन, मारलेले. वास खाटेपर्यंत गेला. मी वळून बघितलं तर मामा माझ्या हातातल्या माशांकडं बघत होते. "इख," ते म्हणाले. विष. आणि परत भिंतीकडं वळले.

त्यानंतर मात्र ते काकूंचेही दोन घास घेईनात. पाणी आणि दूध, तेही मोठ्या मुश्किलीनं. 'घरी' म्हणायचंसुद्धा बंद झालं. ज्या मातीसाठी जीव झुरत होता तिच्यातच विष निघालं, तर आता कुठल्या तोंडानं घरी म्हणायचं? हे मला कळत होतं. कळून काय करू? मी सकाळी शाळा करत होते, दुपारी ती पेटी उपसत होते. चिखल हातानं खरवडून काढायचा, बादल्या मोरीत ओतायच्या, परत यायचं. कंबर मोडली नुसती.

एक दिवस दुधाचा पेला तसाच परत आला आणि माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, रिकाम्या पेटीसमोर उभी राहिले आणि तिलाच बोलायला लागले. "चार मासे मेले. बरं, मेले. त्यांचं सुतक किती दिवस पाळायचं ते तरी कुणी सांगा मला! माणसाला जेवायचं नसंल तर न्हाई म्हणावं, म्हणजे मी चूल तरी पेटवणार न्हाई. औषध काय एकट्यानं मारलं? साऱ्या मुलखानं मारलं. मातीला धरून बसलेत, अन् जित्या माणसाचे हाल व्हायलेत ते कुणाला दिसंनात. मी उद्या वाळू आणणार हाय. धुणार हाय. मासे आणणार हाय. ज्याला बघायचं त्यानं बघावं, ज्याला भिंत बघायची त्यानं भिंत बघावी!"

लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं पेटी बोले सासऱ्या लागे. घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. मामा काही वळले नाहीत. पण संध्याकाळी दुधाचा पेला रिकामा होता.

मग मी वाळू धुतली. नदीची वाळू दिसायला स्वच्छ, धुवायला बसा म्हणजे कळतं. टोपलंभर वाळू, बादलीभर पाणी, हातानं ढवळायचं, गढूळ ओतायचं, परत. आणि परभणीत नळाला पाणी चार दिवसांआड. हापशाचं पाणी असं जड की काचेवर पांढरे डाग धरायचं. म्हणून नळाचंच पाणी भरून ठेवायचं, पावडरीचा वास जाईपर्यंत उघडं ठेवायचं, मग पेटीत. पाणगवत परत येलदरीहून आलं. विहिरीत टाकतात त्या लाल औषधाच्या पाण्यात बुडवून, धुऊन मी ते वाळूत रोवलं. खालच्या मुळ्यांना दगड बांधले, नाहीतर सगळं वर तरंगायचं. मासे यावेळी हैदराबादचे नाहीत. हिवतापाच्या ऑफिसात डासांसाठी गप्पी मासे फुकट द्यायचे, ते मी डब्यातनं आणले. बोटाच्या पेराएवढे, राखाडी, दिसायला काही नाही. पण जगले. गवतही जगलं. लांब लांब पाती पाण्याच्या वरपर्यंत आली. काही दिवसांनी गप्पींना पिल्लं झाली आणि काकू म्हणाल्या, "घ्या, सुनंचं न्हाई ते मासळीचं तरी बाळंतपण झालं या घरात." मी हसले. काय करणार? त्यांना काही वाईट बोलायचं नव्हतं, पण मला ते लागलं.

मामा भिंतीकडनं परत पेटीकडं वळले. आणि मला तिसरं माणूस मिळालं. मी माशांना सांगायला लागले. "आज वांग्याची भाजी हाय, कुणाला आवडती म्हणे." "शाळेत आज तपासणी झाली, साहेब फळ्याकडं बघून पेंगायला लागला." लाकडाशी बोलण्यात आणि माशांशी बोलण्यात फरक असतो. मासे हलतात. आणि त्यांच्या मागं मामांच्या तोंडावर हसू यायचं ते मला काचेत दिसायचं.

बोटं हलली पाहिजेत, असं डॉक्टर प्रत्येक वेळी सांगायचे. म्हणून मी कणकेचा गोळा वाटीत ठेवायला लागले. मामांची खाट कट्ट्याला टेकवली होती. उजव्या हाताला डाव्या हातानं धरून वाटीत न्यायचं, चिमटीत कणीक घ्यायची, पाण्यात सोडायची. पहिल्यांदा बोटं मिटतच नव्हती. नंतर मिटायला लागली. नंतर डाव्या हाताचा आधार सुटला. त्या चिमटीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

पण कणीक खाणार किती? एवढेसे मासे, आणि मामा दिवसभर टाकतायत. उरलेली कणीक तळाशी जाऊन कुजायची. पाणी दुधट व्हायचं, वास मारायचं, गवताच्या पात्यांवर बुळबुळीत थर चढायचा. मामांचं एक बोट सुधारलं की माझ्या दोन बादल्या वाढायच्या. "टाकू नका" म्हणावं तर त्यांचा हात थांबतो. म्हणू नये तर उपसून उपसून माझे हात थांबतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं काय त्यात? पाणी बदलायचं." जसं काही पाणी आपोआप बदलतं!

मग विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण तापलं. बंद झाले, एसट्या थांबल्या. हे एका शनिवारी आले नाहीत, पुढच्याही नाहीत. मालिशवालाही येईना, काकूही दार लावून बसल्या. नळही रुसला. भरून ठेवलेलं पाणी प्यायला ठेवायचं का माशांना घालायचं, इथपर्यंत वेळ आली. अशा एका दुपारी मी पेटीतलं घाण पाणी उपसत होते. बादली उचलली आणि पुढं पाऊलच टाकवेना. बादली ठेवली, तिच्याशेजारी फरशीवर बसले. "मला आता होत न्हाई," मी माशांना म्हणाले. त्यात बोलण्याचं सोंग नव्हतं, कुणाला ऐकवायचं नव्हतं. "खरंच होत न्हाई रे बाबांनो. लय झालं." आणि तिथंच, भिंतीला डोकं टेकून, माझा डोळा लागला.

जाग आली ती कसल्याशा घासण्याच्या आवाजानं. मामा उभे होते. डाव्या हातानं कट्टा धरलेला, पाय लटलटतायत, आणि उजव्या हातात माझं फडकं. काचेवरचा हिरवा थर ते पुसत होते. वर-खाली, वर-खाली. हात मध्येच घसरायचा, परत वर न्यायचे. मला ओरडावंसं वाटलं, पडाल म्हणून. पण ओरडणार कसं, आणि कुणाला? मी तशीच बसून राहिले. घामानं त्यांचा सदरा भिजला होता. काचेचा हातभर तुकडा स्वच्छ झाल्यावर ते खाटेवर बसले आणि वाटीतली कणीक उचलून बाजूला ठेवून दिली.

त्या दिवसापासून पेटी त्यांची झाली. कणीक मोजकी. काच रोज पुसायचे, पिवळी पाती खुडायचे, कात्रीनं वरचे शेंडे छाटायचे. कात्री धरता येईना तेव्हा चिडायचे आणि परत धरायचे. कट्टा धरून उभं राहणं झालं, कट्ट्याच्या कडेकडेनं चालणं झालं, मग काठी घेऊन मोरीपर्यंत. जीभही सुटत गेली. ते माझ्याशी नाही, माशांशीच बोलायचे. "आज शाळा लवकर सुटली वाटतं." मी स्वयंपाकघरातनं माशांनाच उत्तर द्यायची. आमचं असं छान चाललं होतं. पुष्कळ घरांत नवरा-बायकोही एवढं बोलत नसतील.

एक दिवस मी ताट ठेवून आत गेले. काकू अजून यायच्या होत्या. दाराच्या फटीतनं बघितलं तर मामांनी उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. थोडी भाजी दाढीला लागली. दुसरा तुकडा मोडला. मी आत चुलीपुढं बसून पोटभर रडले. आनंदानंच रडले, पण त्यातलं थोडं कशाचं होतं ते मला नंतर कळलं.

बातमी गावी पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या आठवड्यात दीर हजर. अट पुरी झाली होती. मामा हातानं जेवत होते, पायानं चालत होते. हे पण रजा काढून आले होते. सगळ्यांना केवढा आनंद! काकूंनी साखर वाटली. दीर म्हणाले, "बगा, म्हणलो न्हवतो, परभणीचा इलाज लागू पडंल?" डॉक्टरांचं नाव झालं, औषधांचं झालं, माशांचंसुद्धा झालं. मी मामांची धोतरं घडी करून पिशवीत भरत होते. आता दुपारी झोपायला मिळणार, असं मी मनाला परत परत सांगत होते.

मामा खाटेवर बसले होते. पायांत चपला, डोक्याला रुमाल, हातात काठी. इतके दिवस जे मागत होते ते दारात उभं होतं, आणि ते उठेनात. दीर म्हणाले, "चला की बाबा, स्टँडवर जायाचंय." हे म्हणाले, "पाय दुखतोय का?" मामांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. पेटीकडं नाही, ह्यांच्याकडं नाही, सरळ माझ्याकडं.

"माय," ते म्हणाले. जीभ अजून जड होती, शब्द एकेक करून येत होता. "मला घरी न्यायलेत. तुला हितं कोण हाय?"

हे खाली बघायला लागले. मला म्हणता आलं असतं, नवरा आहे, नोकरी आहे, शेजार आहे. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला माझ्या आईनं विचारला नव्हता, ह्यांनी विचारला नव्हता, मी स्वतःला विचारला नव्हता. आणि विचारलं कुणी, तर ज्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते त्यांनी.

मी पिशवीचे बंद बांधले, पुढं झाले, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं.

"उठा, मामा," मी म्हणाले. "एसटी चुकंल."